कोकम तेलाचा लिप बाम: ऋतू पाहून, तोलून-मापून

घरगुती लिप बामच्या बहुतेक कृतींत शिया बटर नाहीतर कोको बटर असतं. दोन्ही चांगली, पण दोन्ही बाहेरून मागवावी लागतात. कोकणात आणि गोव्यात याच कामाचा पदार्थ घरोघरी असतो: कोकमाच्या बियांचं तेल. कुणी त्याला मुठेल म्हणतं, कुणी भिरंडेल, कुणी नुसतं कोकम तेल. नावात तेल असलं तरी ते पांढरट, घट्ट आणि मेणासारखं दिसतं. भेगाळलेल्या टाचांना आणि फुटलेल्या ओठांना ते थेट चोळायची रीत जुनीच आहे. ते साधारण ४० अंशांना वितळतं, त्यामुळे डबीत टणक राहतं आणि ओठांवर चोळलं की मऊ पडतं. शिवाय चिकटपणा कमी. लिप बामला याहून वेगळं काय हवं?

नुसता मुठेलाचा गोळा ओठांवर फिरवला तर तो ओढत जातो, नीट पसरत नाही. म्हणून त्यात पातळ तेल घालायचं. पातळ तेल घातलं की मिश्रण उन्हाळ्यात वाहायला लागतं, म्हणून मेण. अख्खा लिप बाम एवढाच असतो: मेण धरून ठेवतं, कोकम तेल अंग देतं, पातळ तेल पसरवतं. प्रमाण मात्र तुम्ही कुठे राहता आणि कोणत्या महिन्यात करताय यावर ठरतं. डिसेंबरात नाशिकला छान जमलेली डबी मे महिन्यात नागपूरला पर्समध्ये सांडेल. त्यात कृतीचा दोष नाही, मेण कमी पडलेलं असतं.

सामान घेताना

कोकम तेल दोन प्रकारचं मिळतं. कुडाळ, सावंतवाडी, मालवणच्या बाजारात हाताने वळलेले गोळे मिळतात. बियांचा गर कुटून, पाण्यात उकळून, वर तरंगलेलं तेल काढून ते केलेले असतात. दुसरं म्हणजे कारखान्यात शुद्ध केलेलं, पांढरंशुभ्र, जवळजवळ बिनवासाचं. लिप बामला दोन्ही चालतात, पण हातवळणीचा गोळा आधी साफ करून घ्यावाच लागतो. त्यात बियांचा चुरा असतो आणि बरेचदा पाण्याचा अंशही. गोळा किसून वाटीत घ्या, गरम पाण्यावर वितळवा आणि मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. मग वाटी न हलवता रात्रभर तशीच ठेवा. सकाळी वर घट्ट चकती तयार झालेली असते. ती उपडी केली की खालच्या बाजूला तपकिरी गाळ आणि कधी पाण्याचे थेंब दिसतात. तो थर सुरीने खरवडून टाका आणि चकती फडक्याने कोरडी पुसा. हे केलं नाही तर बाममध्ये बारीक कण टोचतात आणि उरलेल्या पाण्यामुळे महिनाभरात बुरशी धरू शकते.

मेण मधमाशीचंच घ्यायचं, मेणबत्तीचं नाही. बाजारात मधमाशीच्या नावाखाली पॅराफिन मिसळलेलं मेण सर्रास विकलं जातं. ओळखायचं कसं? अस्सल मेणाचा तुकडा मोडला की मोडलेली कड दाणेदार, निस्तेज दिसते आणि त्याला मधाचा मंद वास असतो. बोटांत मळलं की ते मऊ होऊन एकजीव होतं. पॅराफिन जास्त असेल तर तुकडा अर्धपारदर्शक दिसतो, हाताला निसरडा लागतो आणि मळताना त्याच्या खपल्या निघतात. जुन्या मेणावर पांढरी भुकटी आलेली दिसली तर घाबरू नका, खराब मेणाची ती खूण नाही. अस्सल मेणावर ती येतेच, थोड्या उबेने जाते. महाबळेश्वरच्या बाजूला मधपाळ थेट मेण विकतात. गाळून घेतलेलं आहे ना, एवढं विचारायचं. पिवळं आणि पांढरं यांत फरक रंगाचा आणि वासाचा, कामाचा नाही.

पातळ तेलांत एरंडेल हवंच. ते दाट असतं, ओठांवर टिकतं आणि चकाकी देतं. औषधाच्या दुकानातलं पोटात घ्यायच्या प्रतीचं घ्या. खोबरेल खाण्याचं, घाण्याचं. सुवासिक केसतेल इथे चालणार नाही. बदाम तेलाच्या बाटलीवर तर नीट वाचूनच पैसे द्या. ‘बदाम’ असं ठळक अक्षरांत लिहिलेल्या कित्येक केसतेलांत मुख्य घटक लाइट लिक्विड पॅराफिन असतो, बदाम नावापुरता. शुद्ध गोडं बदाम तेल महाग पडत असेल तर पांढऱ्या तिळाचं तेल घ्या. ते जास्त टिकतं, फक्त लाकडी घाण्याच्या तिळतेलाचा वास बाममध्ये उरतो. शेंगदाणा आणि सूर्यफूल तेल ओठांना काही करत नाहीत, पण लवकर खवट होतात. जवस तेल तर नकोच.

प्रमाण

खालची प्रत्येक रास ३० ग्रॅमची आहे. १० मिलीच्या डबीत साधारण ९ ग्रॅम बाम मावतो, म्हणजे तीन डब्या होतात आणि थोडा भांड्याला लागतो. सगळं वजनावर मोजायचं. किसलेलं मेण चमच्याने मोजलं तर कीस किती दाबला यावर ग्रॅम-दीड ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि ३० ग्रॅमच्या राशीत दीड ग्रॅम मेण म्हणजे मऊ बाम आणि कडक बाम यांतलं अख्खं अंतर. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असेल तर उत्तम. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा असेल तर सगळी प्रमाणं दुप्पट करून ६० ग्रॅमची रास करा, चूक निम्मी होते.

हिवाळ्यासाठी, डबीत:
मेण ५ ग्रॅम, कोकम तेल ६, खोबरेल ७, एरंडेल ५, बदाम किंवा तिळाचं तेल ७.

उन्हाळ्यासाठी, डबीत:
मेण ७ ग्रॅम, कोकम तेल ६, खोबरेल ४, एरंडेल ६, बदाम किंवा तिळाचं तेल ७.

फिरवून वर येणाऱ्या नळीसाठी, कोणत्याही ऋतूत:
मेण ८ ग्रॅम, कोकम तेल ६, एरंडेल ८, बदाम किंवा तिळाचं तेल ८. खोबरेल नाही.

उन्हाळ्यात खोबरेल का कमी केलं? ते साधारण २४ अंशांना वितळतं, म्हणजे मार्चपासून ते पातळ तेलच झालं. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४०च्या वर गेला की कोकम तेलही हात टेकतं, तेव्हा डबी उभी राहते ती केवळ ६२ ते ६५ अंशांना वितळणाऱ्या मेणाच्या जोरावर. नळीत तर खोबरेल नकोच. ती खिशात ठेवली जाते, आणि अंगाच्या उबेने कांडी वाकते. कडाक्याच्या थंडीच्या देशात राहत असाल तरी खोबरेल कमीच करा, पण कारण उलटं. खोबरेल तिथे दगड होतं, म्हणून हिवाळ्याच्या प्रमाणातलं खोबरेल ३ ग्रॅमवर आणा, उरलेले ४ ग्रॅम बदाम तेलात वाढवा आणि मेण साडेचारवर थांबवा. अर्धा ग्रॅमची तूट बदाम तेलानेच भरा.

कोकम तेल मिळालंच नाही तर त्याच वजनाचं कोको बटर घ्या. शिया बटर घेतलंत तर ते मऊ असतं, म्हणून एक ग्रॅम पातळ तेल कमी करून तेवढं मेण वाढवा. मेण नको असणाऱ्यांना कॅन्डेलिला हे वनस्पतीचं मेण मिळतं. ते बरंच कडक, म्हणून मधमाशीच्या मेणाच्या निम्म्या वजनापासून सुरुवात करायची.

कृती

आधी डब्या-नळ्या धुऊन, पुसून, उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण वाळवा. पाण्याचा एक थेंबही नको. पातेल्यात दोन बोटं पाणी घेऊन मंद आचेवर ठेवा. त्यात स्टीलची उभट वाटी किंवा उष्णतेला टिकणारा काचेचा पेला बसवा. तळाशी कापडाची घडी ठेवली की काच हादरत नाही. वाटी थेट गॅसवर ठेवू नका. मेण जास्त तापलं की काळवंडतं, जळका वास धरतं आणि पेटही घेऊ शकतं. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यायची नाही, तळाशी बारीक बुडबुडे दिसले की पुरे. जोरात उकळलं की वाफेचं पाणी वाटीत पडतं.

वाटीत सर्वांत आधी किसलेलं मेण. ते पूर्ण पारदर्शक झालं की कोकम तेल. तेही विरघळलं की एरंडेल, मग उरलेली तेलं, थोडी थोडी. गार तेल एकदम ओतलं तर मेणाचे पांढरे धागे आणि गुठळ्या तरंगताना दिसतील. घाबरायचं कारण नाही, ढवळत राहा, दोन-तीन मिनिटांत पुन्हा विरघळतात. एकही धागा दिसेनासा झाला की गॅस बंद. यापुढे तापवत बसण्यात फायदा नाही.

आता चाचणी. कृती सुरू करतानाच एक स्टीलची ताटली फ्रीझरमध्ये ठेवलेली असावी. पाकाची तार पाहतो तसा मिश्रणाचा एक थेंब त्या ताटलीवर टाका, दोन मिनिटं थांबा, ताटली साध्या तापमानाला येऊ द्या आणि बोटाने घासून पाहा. नख रुतलं, बोटावर पातळ थर आला आणि ओठांवर सहज पसरला तर जमलं. नखाने खरवडावं लागत असेल तर एक ग्रॅम बदाम तेल वाढवा. बोट लावताच थेंब पाघळला तर अर्धा ग्रॅम मेण घालून पुन्हा वितळवा. या टप्प्यावर दुरुस्ती पाच मिनिटांची असते. डबीत भरल्यावर सगळं पुन्हा काढावं लागतं, म्हणून ही पायरी गाळू नका.

वाटी पाण्यातून बाहेर काढा आणि बाहेरून पुसा, नाहीतर ओतताना तळाचं पाणी डबीत टपकतं. दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळत राहा. ६५ अंशांच्या आसपास जीवनसत्त्व ई आणि सुगंध घाला. तापमापक नसेल तर वाटीच्या कडेला मिश्रणाची धूसर, पांढुरकी रेघ धरायला लागते ती पाहा. ती रेघ दिसली की लगेच ओता. डब्या नऊ दशांशच भरा. गोठताना मिश्रण आकसतं आणि मधोमध खळगा पडतो. नळीत तर तो खोल भोकासारखा जातो. थर घट्ट झाला की वाटीतलं उरलेलं मिश्रण पुन्हा वितळवून वरून भरा. वरचा भाग खडबडीत वाटला तर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा लांबून पाच सेकंद द्या, आरशासारखा सपाट होतो.

भरल्यावर पाच मिनिटांनी डब्या फ्रिजमध्ये ठेवा, पंधरा-वीस मिनिटं. फ्रीझरमध्ये नाही, तिथे वरून तडा जातो. बाहेर काढून एक रात्र राहू दिल्यावरच झाकण लावा. उबदार डबीला झाकण लावलं की आतून दव धरतं, आणि दव म्हणजे पुन्हा पाणीच.

भांडी गरम असतानाच जुन्या कागदाने पुसून घ्या, मग साबण. वितळलेलं मेण मोरीत ओतलंत तर ते पाइपात गोठतं आणि नळकारागिराला बोलवावं लागतं.

काय बिघडतं आणि का

सर्वांत जास्त तक्रार रव्याची. आठवडा-दोन आठवड्यांनी बाम ओठांवर खसखशीसारखा लागतो. कोकम, कोको आणि शिया या सगळ्यांत वेगवेगळ्या तापमानाला गोठणारी स्निग्धद्रव्यं असतात. मिश्रण सावकाश थंड झालं की जी आधी गोठतात ती एकमेकांना धरून दाणे बनवतात. म्हणूनच वर फ्रिज सांगितला. रवा पडलाच तर बाम फेकू नका. पुन्हा वितळवा, पाच-सात मिनिटं चांगला तापू द्या म्हणजे दाणे मुळापासून विरघळतील, मग चटकन थंड करा. उन्हात विसरलेली डबी आपोआप सावलीत गोठली की तिच्यातही असाच रवा पडतो. साजूक तूप घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तूप मुळातच रवाळ गोठतं, आणि त्यात बेरीचा अंश राहिला असेल तर वासही लवकर धरतो. घालायचंच असेल तर नीट कढवून गाळलेलं, खोबरेलाच्या जागी ३ ग्रॅम, आणि डबी दीड महिन्यात संपवायची.

उन्हाळ्यात बामच्या पृष्ठभागावर तेलाचे थेंब दिसतात. दिवसा तापणं, रात्री गार होणं या चक्रात पातळ तेल मेणाच्या जाळीतून बाहेर येतं. टिपून घेतलं तरी चालतं, पण वारंवार होत असेल तर पुढच्या राशीत मेण अर्धा-एक ग्रॅम वाढवा.

मध घालायचा मोह सगळ्यांना होतो. मध तेलात मिसळत नाही. कितीही घोटला तरी तळाशी चिकट थर होऊन बसतो. गुलाबपाणी, बिटाचा रस, कोरफडीचा गर, लिंबाचा रस यांचंही तेच, उलट त्यातल्या पाण्यावर बुरशी वाढते. पाणी नसलेल्या बामला टिकवणारं रसायन (प्रिझर्व्हेटिव्ह) लागत नाही ते याचसाठी, त्यात वाढायला जागाच नसते. पाणी आत घातलं की हा फायदा गेला. जीवनसत्त्व ई हे असं टिकवणारं रसायन आहे असं पुष्कळांना वाटतं, तेही खरं नाही. ते फक्त तेल खवट होण्याचा वेग कमी करतं, बुरशीला अडवत नाही. त्यातही औषधाच्या दुकानातल्या हिरव्या कॅप्सूलमध्ये टोकोफेरिल ॲसिटेट असतं, ते डबीतल्या तेलाला खवट होण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी ‘मिश्र टोकोफेरॉल’ असं लिहिलेली बाटली घ्या. ३० ग्रॅमला पाच-सहा थेंब पुरतात.

रंग हवा असेल तर बिटाची पूड नको. तिचा रंग पाण्यात उतरतो, तेलात नाही, त्यामुळे तळाशी लाल रेती बसते. हळदीचा रंग तेलात उतरतो खरा, पण ओठ पिवळे करून घ्यायची हौस कुणाला? रतनजोत, म्हणजे तेलात लाल रंग सोडणारं मूळ, चालते. २० ग्रॅम एरंडेलात एक ग्रॅम रतनजोतीच्या साली टाकून गरम पाण्यावर अर्धा तास ठेवा, फडक्यातून गाळा आणि प्रमाणातलं एरंडेल या तेलातून घ्या. डबीत गडद मरून दिसेल, ओठांवर मात्र हलकी गुलाबी झाक येते. लहान मुलांसाठी आणि गरोदर बाईसाठी करताय तर रंग आणि सुगंध दोन्ही वगळा.

सुगंधाच्या बाबतीत हात आखडता हवा. ३० ग्रॅमला पेपरमिंट तेलाचे तीन-चार थेंब, बस्स. गारवा जास्त हवा म्हणून दहा घातले की ओठ चुरचुरतात, चुरचुरले की जीभ फिरते, जीभ फिरली की आणखी फुटतात. दालचिनी आणि लवंग तेल ओठांवर नकोच. सालीतून दाबून काढलेलं लिंबाचं तेल लावून उन्हात गेलात तर कातडीवर डाग पडू शकतात. बिनसुगंधी बामला कोकम-मेणाचा स्वतःचा मंद वास असतो, आमच्या मते तोच पुरे.

वापर, टिकाऊपणा आणि मर्यादा

झाकणावर तारीख लिहा. बदाम तेलाचा बाम सहा महिने, तिळाच्या तेलाचा थोडा अधिक काळ चांगला राहतो, अर्थात तेलं आणतानाच ताजी असतील तर. खवट वास आला की संपलं, तो पुन्हा वितळवून जात नाही. डबीत बोट घालताना ते कोरडं आणि स्वच्छ असावं. घरात तीन माणसं असतील तर तीन डब्या भरा.

ओठांच्या लाल भागाला घामाच्या ग्रंथी नसतात, तेलाच्या जवळजवळ नसतात, आणि वरचा थर पातळ असतो. म्हणून बाकीची कातडी सावरते तिथे ओठ फुटतात. बाम ओलावा आणत नाही, असलेला अडवतो. पाणी प्यायल्यावर किंवा तोंड धुतल्यावर ओठ हलके टिपून किंचित ओलसर असतानाच लावला तर उपयोग जास्त. रात्री झोपताना थोडा जाड थर. ओठ आधीच रक्त येईपर्यंत फुटले असतील तर काही दिवस साधी पेट्रोलियम जेली लावा. नैसर्गिक नाही, पण ओलावा अडवण्यात ती मेणाच्या पुढे आहे. या बाममध्ये उन्हापासून संरक्षण नाही. खोबरेलात ते असतं असं वाचाल, त्यावर विसंबू नका.

नवा बाम आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहा. बदामाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तीळ वापरावं, तिळाची असेल तर नुसतं एरंडेल-खोबरेल. मेणाची आणि एरंडेलाचीही ॲलर्जी काहींना असते. बाम लावायला लागल्यापासून ओठ जास्तच सोलत असतील तर आधी एरंडेल वगळून पाहा. तोंडाचे कोपरे पुन्हा पुन्हा चिरत असतील तर तिथे बामचं काम नाही. बुरशी किंवा ब जीवनसत्त्व, लोह यांची कमतरता असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

दिवाळीला भेट द्यायला डब्या भरणार असाल तर त्यावर सगळे घटक लिहा, विशेषतः बदाम. प्रदर्शनात किंवा फोनवर मागणी घेऊन विकायला काढणार असाल तर गोष्ट वेगळी. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला कॉस्मेटिक्स रूल्स २०२० नुसार परवाना लागतो, घरी बनवलं तरीही. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो.